चोपन्नाव्या वर्षी शनिवारचा थिऑलॉजी कोर्स लावला, दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

जय ख्रिस्त सगळ्यांना. आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार, आणि एक कापला तो कशासाठी ते खाली येईलच. नागपुरात शनिवारी दुपारी आणि महिन्यातून एक अख्खा रविवार असा दोन वर्षांचा थिऑलॉजी आणि पाळकीय सेवेचा जो मराठी सर्टिफिकेट कोर्स चालतो, तो मी या एप्रिलमध्ये पूर्ण केला. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि लोक मनापासून काम करणारे आहेत, पण सदर किंवा सिव्हिल लाइन्सकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विचारलं तर सांगतील. मी पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, घरातली नाही. जिल्हा परिषदेत लेखा विभागात आहे, एकतीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी शिक्षकांच्या पेन्शनच्या फाइलींवर गेली. कोर्स लावला तेव्हा चोपन्न पूर्ण होते, आता छप्पन्न. हे सांगायचं कारण की माझ्यासारखे अजून असतील ज्यांना पन्नाशीनंतर आत काहीतरी टोचत राहतं आणि कोणाला विचारावं ते समजत नाही, त्यांच्यासाठी हे इतकं लांब लिहून राहिले आहे.

टोचणी कशी सुरू झाली ते आधी सांगते, नाहीतर कोर्सचा रिव्ह्यू अर्धवट वाटेल. आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी ऑक्टोबरमध्ये गेल्या. पाळकसाहेब तीन गावच्या मंडळ्या सांभाळतात, त्या दिवशी ते चंद्रपूरला होते आणि संध्याकाळपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. घरच्यांना थांबता येत नव्हतं. जरीपटक्याच्या कबरस्तानात आम्ही पंचवीस-तीस माणसं उभी आणि अंत्यविधीचं पुस्तक कोणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न. मी दर रविवारी पाठ वाचते म्हणून माझ्याकडे आलं. विधीचा क्रम मला माहीत नव्हता, पानं उलटत उलटत तेविसावं स्तोत्र वाचलं, मग नव्वदावं वाचलं, त्यात आमचे दिवस गणायला शिकव असं आहे ना, तिथे माझा आवाज अडकला, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या सेवेचे दिवसच मोजत आले, अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी, सेवा किती वर्षं किती महिने किती दिवस, आणि हा अर्थ कधी अंगाला लागला नव्हता. मातीला माती म्हणून मूठभर माती टाकली. परतताना मावशींचा मुलगा गेटजवळ म्हणाला, "ताई, तुम्ही वाचत होत्या तं असं वाटलं आई ऐकून राहिली." बस, एवढंच. आकाशातून आवाज वगैरे काही नाही आला. पण त्यानंतर मला पहाटे चारला जाग यायला लागली आणि रोज तेच वाक्य डोक्यात.

आपल्यात याला पाचारण म्हणतात, देवाचं बोलावणं. लहानपणापासून हा शब्द ऐकलेला, पण मला वाटायचं पाचारण होतं ते अठरा-वीस वर्षांच्या पोरांना, ते घर सोडून सेमिनरीत जातात आणि गाऊन घालून परत येतात. चोपन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असलेल्या बाईला कोण बोलावणार. दोन महिने कोणालाच बोलले नाही. मग पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, प्रार्थना केली आणि ड्रॉवरमधून या कोर्सचं माहितीपत्रक काढून दिलं. घरी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते तीन दिवस त्या विषयावर काहीच बोलले नाहीत. मुलाने पुण्याहून फोनवर विचारलं, आई आता या वयात परीक्षा कशाला. चौथ्या दिवशी ह्यांनी माझी स्कूटी न सांगता सर्व्हिसिंगला नेली, दोन्ही टायर बदलून आणले आणि म्हणाले, सदरपर्यंत जायचं आहे ना दर शनिवारी. मी त्या टायरांकडे बघून रडले.

आता कोर्स. अ‍ॅडमिशन घ्यायला गेले तर वाटलं होतं फॉर्म भरायचा, पाळकांचं पत्र लावायचं, फी भरायची आणि झालं. तसं झालं नाही, आणि या सगळ्या कोर्समधली सगळ्यात चांगली गोष्ट मला विचाराल तर हीच आहे की त्यांनी मला लगेच घेतलं नाही. दोन सर आणि एक मॅडम समोर बसले होते. पहिला प्रश्न, हे तुम्हाला एकटीलाच वाटतं की अजून कोणी तुम्हाला म्हणालं? दुसरा, घरचे काय म्हणतात? तिसरा जरा खोल होता, सध्या तुमच्या आयुष्यात असं काही आहे का ज्याच्यापासून तुम्हाला दूर पळायचं आहे? मी खरं खरं सांगितलं की मुलगा पुण्याला गेल्यापासून घर खायला उठतं. मॅडम म्हणाल्या, चांगलं केलं सांगितलं ते, म्हणजे आता आपण दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखू शकतो. आणि मग सांगितलं की तीन महिने तुमच्या मंडळीतल्या जे लोक घरातून बाहेर पडू शकत नाहीत अशा चार जणांना दर आठवड्याला भेटा, वहीत लिहा, मग या.

त्या वेळी मला राग आला होता. आता समजतं. प्रोटेस्टंटांच्या जुन्या रिफॉर्म्ड परंपरेत आतलं पाचारण आणि बाहेरचं पाचारण असे दोन भाग करतात, आतलं म्हणजे तुमच्या मनात देवाने घातलेलं, बाहेरचं म्हणजे मंडळीने ते ओळखून पारखून होय म्हणणं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमच्या बॅचमध्ये एक कॅथलिक भाऊ होते, नुसतं शिकायचं म्हणून यायचे, त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे लग्न झालेल्या पुरुषाला कायमस्वरूपी डीकन, म्हणजे फादरच्या खालचा दीक्षा घेतलेला सेवक, व्हायचं असेल तर कमीत कमी पस्तीस वय पाहिजे आणि बायकोची संमती पाहिजे असं नियमातच लिहिलेलं आहे. मला हे फार आवडलं. घरचा माणूस टायर बदलून आणतो ते पण पाचारणाचाच भाग आहे असं मी तेव्हापासून मानते.

शिकवण्याबद्दल. जुना करार शिकवणाऱ्या सरांना मी शंभर मार्क देईन. पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हा पन्नाशीच्या वरच्या लोकांची एक सवय मोडली. आम्ही सगळे येऊन मोशेचं नाव घेत होतो, मोशे ऐंशी वर्षांचा होता मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला तेव्हा, अब्राम पंचाहत्तरचा होता हारान सोडलं तेव्हा, मग आम्ही का नाही. सर म्हणाले, आकडा बरोबर आहे पण तुम्ही मोशेचं फक्त वय घेऊन राहिले, त्याची कारणं नाही घेत, तो किती वेळा नाही म्हणाला ते मोजा. मग शमुवेलाची गोष्ट काढली. ती गोष्ट आम्हाला संडे स्कूलपासून पाठ, रात्री मंदिरात पोरगा झोपलेला, देव हाक मारतो, पोरगा तीनदा उठून तिथल्या याजकाकडे, एलीकडे जातो. सरांनी विचारलं, हाक कोणाला आली? शमुवेलाला. ती देवाची हाक आहे हे ओळखलं कोणी? एलीने. म्हातारा, डोळ्यांनी अधू, पोरं वाया गेलेली, आणि तरी ओळखणारा तोच. सर म्हणाले, तुमच्यातल्या काहींचं पाचारण शमुवेलाचं नसेल, एलीचं असेल, दुसऱ्याला आलेली हाक ओळखून त्याला परत जाऊन झोप आणि ऐक असं सांगायचं. त्या शनिवारी वर्गातून खाली उतरून मी पार्किंगमध्ये बराच वेळ नुसती उभी होते. आमच्या मंडळीत एक एकवीस वर्षांची मुलगी आहे, ती मला दोन वेळा येऊन काहीतरी विचारायचा प्रयत्न करून गेली होती आणि मी घाईत होते. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर तिला स्वतः जाऊन भेटले.

ग्रीक मात्र थोडंसंच आहे, सहा वर्ग. अक्षरं आणि काही मुख्य शब्द. कालेओ म्हणजे हाक मारणे, त्याच धातूवरून एक्लेसिया, म्हणजे बाहेर बोलावलेले लोक, आपण ज्याला मंडळी म्हणतो. आणि क्लेसिस म्हणजे पाचारण. प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात सातव्या अध्यायात लिहितो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने त्याच स्थितीत राहावं, आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने यातूनच धरलं की चांभार, मोलकरीण, कारकून यांचं कामही पाचारणच आहे, ते फक्त संन्याशांचं नाही. यावर वर्गात मोठा वाद झाला, एक जण म्हणाले मग आम्ही इथे आलोच कशाला, आणि तो वाद पुरा दीड तास चालला, सरांनी चालू दिला. मला वाटतं तो माझ्या दोन वर्षांतला सगळ्यात चांगला वर्ग होता. ग्रीक लिहिताना हात थरथरायचा, चष्म्याचा नंबर बदलावा लागला, पण पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये चाळिशी उलटल्यावर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतलं आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत त्याच कामात होत्या, हे मॅडमनी सांगितल्यावर आमच्यातल्या चार बायकांनी ग्रीकबद्दल तक्रार करणं सोडलं.

चर्च इतिहासाचा एक रविवार वर्गात नव्हता, पायी होता, आणि यासाठी वेगळे मार्क. सकाळी सातला सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलपासून सुरुवात. याच कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्च परंपरा एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे उत्तर भारतीय मंडळी, तयार झाली. मी नागपूरची, याच चर्चची, आणि मला तारीख माहीत नव्हती. मग सिव्हिल लाइन्सला हिस्लॉप कॉलेज. मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून १८४५ ला इथे आले, शाळा काढली, मराठी शिकले, आणि त्याच्याच सोबत आपल्या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडले, हिस्लोपाइट हे खनिजाचं नाव त्यांच्यावरून आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेली नदी ओलांडताना बुडून गेले. कॉलेज त्यांच्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये सुरू झालं. सर फक्त एवढंच म्हणाले की सेवेला आल्यावर त्यांनी दगड टाकून दिले नाहीत. तो मुद्दा मी घरी नेला. सेमिनरी हिल्सचं नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं हे पण त्याच दिवशी बोलता बोलता कळलं, आपण फक्त फिरायला जातो तिथे.

आणि नारायण वामन टिळक. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो पण नागपूरचा धागा कोणी सांगत नाही. टिळक इथे नागपूरच्या धनिक बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करायचे, १८९३ मध्ये इथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, दोन वर्षांनी मुंबईत बाप्तिस्मा. हे बहुतेकांना माहीत असतं. मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा, की १९१७ मध्ये, पंचावन्न उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यासी झाले आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. म्हणजे बाप्तिस्मा झाला, सेवा केली, नाव झालं, आणि तरीही पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा एकदा हाक आली. १९१९ मध्ये ते गेले, म्हणजे दोनच वर्षं मिळाली. सदरच्या एका टपरीवर तर्री पोहे खाताना हे ऐकलं आणि माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

आता ज्याच्यासाठी हा कोर्स खरंच करावा ते सांगते. दुसऱ्या वर्षी हॉस्पिटल भेटी आहेत, ग्रुप करून, परवानगी काढून, आमचा ग्रुप मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला होता. ज्यांच्या घरच्यांनी मंडळीला कळवलं असेल त्यांनाच भेटायचं, शेजारच्या पेशंटने स्वतःहून बोललं तर बोलायचं, कोणी मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, कोणाला काही वाटप करायचं नाही, पत्रक नाही पुस्तक नाही. भेट झाली की घरी येऊन ते पूर्ण बोलणं जसंच्या तसं लिहायचं, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मध्ये किती वेळ कोणी बोललं नाही, हे सगळं. याला व्हर्बेटिम म्हणतात. हॉस्पिटलात जाऊन असं शिकायची पद्धत अँटन बॉयसन नावाच्या अमेरिकन पाळकाच्या कामातून पुढे आली, ते स्वतः १९२० मध्ये मानसिक आजाराने हॉस्पिटलात राहिले होते आणि १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात त्यांनी सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना घेऊन हे शिक्षण सुरू केलं, माणूस हाच वाचायचा ग्रंथ आहे या विचाराने.

माझं पहिलं व्हर्बेटिम. ऑगस्टचा महिना, हाडांच्या वॉर्डात आमच्या मंडळीतल्या एका भाऊंना भेटायला गेले होते, शेजारच्या बेडवर काटोलकडचे एक संत्र्याचे शेतकरी, पाय वजनाला टांगलेला. तेच बोलायला लागले, आंबिया बहाराची फळं गळतात त्याची काळजी. म्हणाले, "बगीच्यात आंबियाची गळ लागली असन बाई, पाहाले कोणी नाही घरी." मी लगेच बायबलमधलं वचन काढलं आणि म्हणाले, देव सगळ्यांची काळजी घेतो, आकाशातल्या पाखरांकडे बघा, ती पेरत नाहीत कापत नाहीत. ते हो म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं छान भेट झाली. शनिवारी नऊ जणांसमोर हे वाचून दाखवलं. सर काही वेळ बोलले नाहीत, मग विचारलं, "हा माणूस झाडांबद्दल बोलून राहिला होता, तुम्ही पाखरांवर कशा गेल्या?" मग विचारलं झाडं किती आहेत? माहीत नाही. गळ म्हणजे काय, किती नुकसान होतं? माहीत नाही. घरी कोण आहे? माहीत नाही. वचन खोटं नाही, सर म्हणाले, पण तुम्ही ते त्याला गप्प बसवायला वापरलं. वर्गात कोणी हललं नाही. मला इतकं लागलं की घरी जाऊन जेवले नाही.

पुढच्या शनिवारी परत गेले, ते तिथेच होते. स्टूल ओढलं आणि विचारलं, झाडं किती आहेत तुमची. अर्धा तास बोलले. आंबिया बहार आणि मृग बहार, कोणत्या झाडाला वडिलांनी कलमाचा डोळा बांधला, कोळशी आणि डिंक्या हे झाडांचे रोग, बँकेचा हप्ता, मुलगा बुटीबोरीला कंपनीत जातो त्याला सुट्टी मिळत नाही. मी फक्त हो, मग, आणि मग काय झालं एवढंच म्हणाले. निघताना ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी येजा बाई." पुढच्या शनिवारी त्या बेडवर दुसरा माणूस होता, त्यांना डिस्चार्ज मिळाला होता. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

त्याच्या दुसऱ्या सोमवारी ऑफिसमध्ये एक बाई फॅमिली पेन्शनच्या कामाने आल्या, मालक जाऊन चार महिने झालेले, कागद पूर्ण नव्हते. एरवी मी यादी लिहून देते, मृत्यूचा दाखला, बँक पासबुकची झेरॉक्स, संयुक्त फोटो. त्या दिवशी संयुक्त फोटो मागितला आणि त्यांनी पर्समधून लग्नातला फोटो काढला, आणि मी यादी बाजूला ठेवून विचारलं, कुठे झालं होतं लग्न. एकतीस वर्षं माझ्या टेबलासमोर अशा बाया बसून गेल्या. मी काम चोख केलं, कोणाकडून एक पैसा घेतला नाही, फाइल दाबली नाही, पण असं कधी विचारलं नव्हतं. थिऑलॉजीच्या फीचे पैसे तिथेच वसूल झाले असं मी मानते.

तक्रारी आता. पहिली आणि मोठी, ज्यासाठी स्टार कापला. माहितीपत्रकावर लिहिलं आहे, "कोणत्याही वयात सेवेसाठी तयार व्हा". वाचून माणसाला वाटतं कोर्स झाला की पाळकीय दीक्षा मिळेल. तसं अजिबात नाही. दीक्षा द्यायची की नाही हे तुमची मंडळी, तुमचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा भाग, आणि बिशप ठरवतात, त्यांचे वयाचे आणि शिक्षणाचे नियम प्रत्येक चर्चमध्ये वेगळे, बऱ्याच ठिकाणी बीडी, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी, लागते आणि तीही बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची मान्यता असलेल्या कॉलेजची. हे सर्टिफिकेट त्यात धरत नाहीत. आमच्या बॅचमधले एक भाऊ, खाजगी नोकरी सोडून आले होते, त्यांना हे सात महिन्यांनी कळलं. सात महिन्यांनी! त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. संस्थेने हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे, मी लेखी पण दिलं आहे, आणि मॅडमनी पुढच्या छपाईत टाकू म्हणून सांगितलं. तुम्ही मात्र फी भरायच्या आधी आपल्या पाळकांना आणि धर्मप्रांताच्या ऑफिसला सरळ विचारा, माझं वय इतकं, शिक्षण इतकं, माझ्यासाठी कोणता रस्ता उघडा आहे, ले प्रीचर (दीक्षा न घेता संदेश देणारा), वचनवाचक, हॉस्पिटल सेवा की दीक्षा. उत्तर लेखी मिळालं तर अजून चांगलं.

दुसरी, नोट्स. इंग्रजीवरून कोणीतरी घाईत मराठी केलेल्या आहेत. वाक्य तीन वेळा वाचावं लागतं. तारणाच्या सिद्धांतावरचं प्रकरण तर मी शेवटी समजून घ्यायचं सोडून सरांच्या फळ्यावरून उतरवून घेतलं. ज्या भाषेत टिळकांनी आणि रमाबाईंनी लिहून ठेवलं, जिचं व्याकरण मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्येच छापलं, त्या भाषेत आपल्या पाळकांना अशा नोट्स मिळाव्यात याचं मला मनापासून वाईट वाटतं. झेरॉक्सही पुसट, आमच्या वयाच्या लोकांना त्रास होतो.

ऑफिसचा फोन दुपारी कोणी उचलत नाही, प्रत्यक्ष गेलेलं बरं. मे महिन्यात वर्ग बंद असतात पण एप्रिलमध्ये चालू, आणि चव्वेचाळीस डिग्रीत एका कूलरवर पंचवीस माणसं म्हणजे कठीण आहे, पाण्याची बाटली आणि दुपट्टा सोबत ठेवा. लिफ्ट नाही, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगून ठेवा, आमच्या वेळी एका आजोबांसाठी त्यांनी वर्ग खाली आणला होता, म्हणजे सांगितलं तर ऐकतात. फी माझ्या पगाराच्या मानाने जास्त नाही वाटली आणि हप्त्याने घेतात, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मंडळ्यांकडून थोडी मदत होते, त्यासाठी लाजू नका. अजनीकडून येणाऱ्यांनी पावसाळ्यात मेट्रो घ्या, अजनी चौकातून कस्तुरचंद पार्क, पुढे शेअर ऑटो. ह्यांनी टायर बदलले तरी मी जुलै-ऑगस्टमध्ये मेट्रोनेच गेले.

आम्ही सुरुवातीला सव्वीस होतो, शेवटी अठरा राहिलो. गळालेल्या आठांपैकी एका ताईंची गोष्ट सांगायलाच पाहिजे. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, पहिल्या वर्षाच्या शेवटी त्या उठून म्हणाल्या की मला स्पष्ट झालं, माझं पाचारण शाळेतच आहे, मी परत पूर्ण मनाने तिथे जाते. सरांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि सगळ्या वर्गाने उभं राहून त्यांना निरोप दिला. दुसऱ्या कोणत्या क्लासमध्ये सोडून जाणाऱ्या माणसाला असा निरोप मिळत नाही. म्हणून जे विचारतात की नंतर समजलं हे आपलं नाही तर पैसे वाया जातील का, त्यांना मी त्या ताईंचं उदाहरण देते. तीन महिने घरभेटींची ती वही, जिच्यासाठी मला राग आला होता, तीही कोणी बिना फीची करू शकतं. कोर्स नाही लावला तरी ती वही नक्की करा, चार घरं, दर आठवड्याला, आणि त्यांनी काय म्हटलं ते लिहायचं, आपण काय म्हटलं ते पण.

माझं पुढे काय असं मंडळीत सगळे विचारतात. मला दीक्षा नको आहे, मागितलीही नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीने मला ले प्रीचर म्हणून महिन्यातून एक संदेश आणि घरभेटीची जबाबदारी दिली आहे, आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले तर कबरस्तानात पुस्तक आता माझ्याकडेच असतं, क्रम पाठ झाला आहे. दोन वर्षांनी रिटायर झाले की मेडिकलला आठवड्यातून तीन दिवस जायचं आहे. ती एकवीस वर्षांची मुलगी जुलैमध्ये बीडीच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे, तिच्या फॉर्मवर शिफारस करणाऱ्यांमध्ये माझी पण सही आहे.

नवीन बॅच साधारण जुलैच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी सुरू होते, मुलाखती जूनमध्ये, आणि घरभेटींचे तीन महिने त्याच्या आधी पूर्ण पाहिजेत, म्हणजे ज्या वर्षी यायचं असेल त्या वर्षी मार्चपासूनच वही सुरू करावी लागते. कोणाला काही विचारायचं असेल तर खाली लिहा, मी शनिवारी संध्याकाळी सहानंतर उत्तर देते, तीन ते पाच वॉर्डात असते आणि तिथे फोन बंद ठेवते.